फिरकी कोण धरणार? बडोद्याच्या एका बालमंदिरातलं प्रकरण

मुलगी, वय चार वर्षं चार महिने. तिला इथे ओवी म्हणते; या लेखातली सगळ्या मुलांची नावं बदललेली आहेत आणि घरच्यांच्या खुणाही थोड्या इकडच्या तिकडे केल्या आहेत. जन्मापासून ती सांगलीत वाढली. वडिलांची बदली लांब झाली म्हणून आई तिला घेऊन माहेरी, बडोद्याला आली. माहेर दांडिया बाजारच्या बाजूचं, जुनं मराठी घर. घरापासून जवळ पडतं म्हणून जुलैत तिला एका गुजराती बालमंदिरात घातलं. दिवाळीची सुट्टी संपली तरी बेनच्या, म्हणजे तिथल्या बाईंच्या, नोंदवहीत तिच्या नावापुढे जुलैतलंच वाक्य होतं: बोलत नाही, कोणाबरोबर रमत नाही.

आजीला या वाक्याचा फार राग. "आम्ही चार पिढ्या बडोद्यात काढल्या. भाजीवाल्याशी भांडतो तेसुद्धा गुजरातीत. घरात हिचं तोंड मिटत नाही, आणि तिथे म्हणे बोलत नाही!" आईला राग नव्हता, भीती होती. कुणीतरी तिला सांगितलं होतं की मुलगी जरा मागे आहे, दाखवून घ्या. कान तपासून झाले होते, ऐकू व्यवस्थित येत होतं. कान आधी तपासले हे बरंच झालं. गप्प मुलाच्या बाबतीत ते नेहमी आधी करावं.

मी सयाजीराव विद्यापीठात बालविकास शिकले आणि जुन्या शहरातल्या काही बालमंदिरांत शिक्षिकांबरोबर अधूनमधून बसते. या बालमंदिरात पंचवीस-तीस मुलं, दोन बेन आणि मुलांना घरून आणणारी-पोचवणारी एक तेडागर. दोन खोल्या आणि मध्ये चौक. वय तीन ते सहा, सगळी एकत्र. गुजरातने जून २०२३ पासून पहिलीच्या प्रवेशासाठी सहा वर्षं पूर्ण असण्याची अट घातली. त्यामुळे पूर्वी साडेपाचला निघून जाणारी मुलं आता आणखी एक वर्ष इथेच असतात. त्याचा परिणाम चौकात लगेच दिसतो: तिसरं वर्ष चालू असलेल्या पाच-सहा मुलांचा एक घट्ट गट असतो. त्यांचे खेळ ठरलेले, खेळातल्या जागा ठरलेल्या आणि विनोदही ठरलेले. नवीन मूल या गटाच्या कडेला येऊन उभं राहतं.

आधी काय करून झालं होतं

बेननी हातावर हात ठेवून वाट पाहिली नव्हती. रोज ओवीच्या शेजारी वेगळं मूल बसवलं. गोलात उभं करून "आजथी ओवी तमारी मित्र" असं सगळ्यांना सांगितलं. मोठ्या मुलींना बाजूला घेऊन "एने पण रमाडो ने," तिलाही खेळवा ना, अशी विनवणी केली. मुलींनी ते मानलंही. घर-घरमध्ये तिला बेबी केलं, चादर पांघरून झोपवलं आणि आपला खेळ पुढे चालू ठेवला. बेबीला या खेळात उठायची परवानगी नसते. ओवी बराच वेळ चादरीखाली डोळे उघडे ठेवून पडून राहिली आणि मग उठून चपलांच्या फळीपाशी जाऊन बसली. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

एकदा तिला समोर उभं करून मराठी टाळ्यांचा खेळ शिकवायला सांगितलं. तिची भाषा, तिचा मान, हेतू चांगलाच होता. मुलं हसली, टाळ्या वाजवल्या, आणि तो खेळ त्या दिवसानंतर पुन्हा कुणी खेळलं नाही. समोर उभं राहून दाखवणं आणि शेजारी बसून करणं यांत चार वर्षांच्या मुलासाठी फार अंतर आहे. पाहुण्याचं कौतुक होतं, पण पाहुण्याशी किट्टा, म्हणजे कट्टी, होत नाही.

चौकात बसून जे दिसलं

मी आधी कुणालाच काही करायला सांगितलं नाही. मधल्या सुट्टीत आणि मोकळ्या खेळात नुसती बसून लिहीत राहिले. एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

खेळ सेव-उसळच्या लारीचा, म्हणजे हातगाडीचा. बडोद्याच्या मुलांना हा खेळ शिकवावा लागत नाही. उलट्या घमेल्याची लारी. आसोपालवच्या पानांच्या डिश. मातीची उसळ, वाळक्या पानांचा चुरा म्हणजे सेव, विटेची भुकटी म्हणजे तरी. हेत्वी मालकीण, साडेपाच वर्षांची. जयमीन डिश भरणारा. आणखी दोघी पाव देणाऱ्या आणि खरकटं उचलणाऱ्या. एवढी व्यवस्था लागायलाच दहाएक मिनिटं गेली होती. कुणाची डिश कुठली यावरून दोन भांडणं होऊन मिटली होती.

ओवी खांबाला हात लावून उभी होती. तिचे डोळे घमेल्यावरून हलत नव्हते. मग ती एक पान घेऊन आली आणि न बोलता घमेल्याच्या कडेला ठेवलं. पान चांगलं होतं, अखंड, बाकीच्यांपेक्षा मोठं. जयमीन म्हणाला, "अडती नहीं." हात लावू नको. ती मागे सरली, पण निघून गेली नाही. तीन-चार हातांवर बसली, मातीत खळगा केला आणि अगदी तीच उसळ, तीच सेव, तीच तरी स्वतःपुरती करायला लागली.

बेननी हे पाहिलं आणि हाक मारली, "हेत्वी, ओवीने पण रमाडो!" हेत्वीने वरही न बघता सांगितलं, "जग्या नथी." जागा नाही.

मोठ्या माणसाला इथे क्रूरपणा दिसतो. मलाही तसंच वाटलं असतं, पण त्याच खेळात थोडं आधी काय घडलं होतं ते मी लिहून ठेवलेलं होतं. मंत्र नावाचा मुलगा, गुजराती घरातला, बडबड्या, सगळ्यांचा ओळखीचा, येऊन म्हणाला होता, "हुं रमुं?" त्यालाही "ना" मिळाली होती. तो रडला नाही, बेनकडेही गेला नाही. लारीभोवती एक फेरी मारली, खिशातून काढल्यासारखं करून एक पान पुढे केलं आणि म्हणाला, "काका, बे प्लेट, तरी वधारे." दोन प्लेट, तरी जास्त. जयमीनने निमूटपणे दोन डिश भरल्या. पुढच्या पाच मिनिटांत मंत्र गिऱ्हाइकाचा नोकर झाला होता आणि भांडी धूत होता.

तेव्हा "ना" ही ओवीला नव्हती. चालू खेळात मध्येच शिरणाऱ्या कुणालाही ती मिळते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम कोर्सारो यांनी बर्कलीच्या एका बालशाळेत मुलांमध्ये बसून हेच पाहिलं होतं. लहान मुलांचा एकत्र खेळ फार नाजूक असतो, एक नवा माणूस आला तरी मोडतो, म्हणून मुलं दारं लावून घेतात. ती राखण खेळाची असते. तिथली मुलंही "मी खेळू का?" असं विचारून क्वचितच आत गेली. आधी जवळ जाऊन उभं राहायचं, भोवती फिरायचं, आतले करतायत तेच आपण करायचं, आणि मग खेळात बसेल अशी एखादी गोष्ट आणायची. मंत्रने नेमकं हे केलं. ओवीनेही यातली जवळजवळ सगळी पावलं टाकली होती: उभी राहिली, पान आणलं, शेजारी बसून तेच केलं. शेवटचं पाऊल, म्हणजे "काका, बे प्लेट", तिच्याकडे नव्हतं.

शेजारी बसून तेच करणं याला आपण फार लवकर "एकटीच खेळते" म्हणून टाकतो. रॉजर बेकमन आणि जॉन ब्राउनली यांनी १९८० मध्ये तीन वर्षांच्या मुलांच्या मोकळ्या खेळाचा क्षणाक्षणाचा क्रम पाहिला. शेजारी-शेजारीचा खेळ त्यांना एकत्र खेळाच्या बरोबर आधी येताना दिसला. मुलं तो आत शिरायची वाट म्हणून वापरतात. बेनच्या वहीत "कोणाबरोबर रमत नाही" असं लिहिलेले किती दिवस प्रत्यक्षात ओवी दारात उभी असण्याचे होते, हे आता कुणाला सांगता येणार?

स्वभाव म्हणावा की आणखी काही

घरी गेले तेव्हा ओवी गॅलरीत मामेभावाला दटावत होती. गणपतीत तिने आरतीला झांज कुणाला द्यायची हे ठरवलं होतं, असं आजीने कौतुकाने सांगितलं. बुजरी मुलगी नव्हे.

आईने मोबाइलवर शोधून एक शब्द काढला होता, निवडक मौन. घरी बोलणारं मूल शाळेत महिनोन् महिने बोलत नाही, ही खरी अडचण असते आणि तिला उपचार लागतात. पण अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेतच एक अट आहे: गप्प राहण्याचं कारण तिथली भाषा न येणं हे असेल तर हे निदान करायचं नाही. नव्या भाषेत पडलेली लहान मुलं सुरुवातीला बराच काळ ऐकतात, खुणा करतात, बोलत नाहीत. मी आईला म्हटलं, ओवी हातवारे करते का, हसते का, सांगितलेलं काम करते का, हे बघत राहू या. ती हे सगळं करत होती. दप्तर ठेव म्हटलं की ठेवायची, गाण्याचे हावभाव अचूक करायची, फक्त ओठ मिटलेले.

मुलांना विचारायचीही एक पद्धत आहे. प्रत्येकाचा छोटा फोटो पुठ्ठ्यावर लावायचा आणि एकेकाला बाजूला घेऊन विचारायचं, कोणाबरोबर खेळायला आवडतं, तिघांवर बोट ठेव. फोटोंच्या पाटीची ही रीत १९५० च्या दशकापासून वापरात आहे. "कोण आवडत नाही" हा प्रश्नही संशोधक विचारतात. मी बालमंदिरात तो विचारत नाही. चार वर्षांच्या मुलाच्या तोंडून नावड वदवून घ्यायची आणि मग त्याला चौकात परत पाठवायचं, हे मला पटत नाही. त्याची किंमत मोजावी लागते: ज्या मुलावर कुणीच बोट ठेवलं नाही ते नकोसं आहे की नुसतं नजरेआड आहे, हे फोटोंवरून कळत नाही. ओवीच्या फोटोवर कुणीही बोट ठेवलं नाही. पण ती जवळ येऊन बसली तर कुणी उठून जात नव्हतं, तिच्या वस्तू कुणी ओढत नव्हतं, आणि हेत्वीला विचारलं तर ती शांतपणे म्हणाली, "ए बोलती नथी." तक्रार नाही, माहिती. नकोशा मुलाभोवती जे ताणलेलं वातावरण असतं ते इथे नव्हतं. ओवी त्यांच्या नजरेत अजून आलीच नव्हती.

तेडागरबेनला काय माहीत होतं

या प्रकरणातली सगळ्यात कामाची माहिती मला नोंदवहीतून मिळाली नाही. ती तेडागरबेनकडून मिळाली. शिक्षिकांच्या बैठकीला त्यांना बोलावत नाहीत, चहा आणायला बोलावतात. मुलांना घरून आणणं-पोचवणं हे त्यांचं काम. सकाळी गल्लीगल्लीतून पंधरा-सोळा मुलं गोळा करत त्या येतात, दोन-दोनच्या जोड्या, हातात हात. वाटेत कुत्र्याची पिल्लं बघायची, एका ओटल्यावर बसलेल्या दादांना "जय श्रीकृष्ण" म्हणायचं, तुंबलेलं पाणी ओलांडायचं. पोचल्यावर प्रार्थनेला वीस मिनिटं असतात. बेन फळे पुसत असतात आणि मुलं चौकात असतात. लारीचा खेळ तिथे सुरू होतो. मधल्या सुट्टीत तो नव्याने सुरू होत नाही, सकाळचाच पुढे चालतो.

ओवी आजीच्या स्कूटरवरून बरोबर प्रार्थनेच्या घंटेला यायची आणि सुटल्याच्या घंटेला जायची. आजी वेळेची पक्की.

मी तेडागरबेनना विचारलं, लारीच्या गटातली मुलं कोणती? त्यांनी क्षणही न लावता सांगितलं की सगळी त्यांच्या ओळीतली, आणि कोण कुणाचा हात धरतं ते बोटांवर मोजून दाखवलं. मंत्रही त्यांच्याच ओळीतला. चौकातला गट सकाळी रस्त्यावर बनत होता, आणि आम्ही तो वर्गातल्या बसण्याच्या जागा बदलून मोडायला बघत होतो.

गुजरातेत बालमंदिर या संस्थेला मोठी परंपरा आहे. गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्तीचं बालमंदिर काढलं. राजकोटची नोकरी सोडून १९२३ मध्ये तिथे जाऊन त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या ताराबाई मोडक मराठी होत्या. पुढे हेच काम त्यांनी महाराष्ट्रात, बोर्डी-कोसबाडपर्यंत नेलं. मॉन्टेसरीच्या वळणावर गेलेल्या या परंपरेत साधनांचा फार विचार झाला: दट्ट्यांच्या पेट्या, मनोरा, रंगपट्ट्या. एकेका मुलाने एकाग्र होऊन काय करावं हे आजही शिक्षिकांना तोंडपाठ असतं. मुलं दोन साधनांच्या मधल्या वेळात, चपला काढताना, पाण्याच्या माठापाशी रांगेत एकमेकांशी काय करतात, यासाठी मात्र वहीत रकानाच नाही. ही माझी जुनी तक्रार आहे, ती इथे घुसडते आहे हे मला कळतंय.

मग काय बदललं

पहिली गोष्ट, ओवीने ओळीतून यायचं. यावर घरात वादळ झालं. "चालत? त्या गर्दीत? माझी स्कूटर काय मेली आहे का?" आजीचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, सकाळी त्या रस्त्यावर रिक्षांची चांगलीच घुसाघुस असते. तोड अशी निघाली की आजी पहिले काही दिवस ओळीच्या मागून चालेल आणि मग नाक्यावर सोडून परत फिरेल. तेडागरबेननी तिची जोडी स्वतःच ठरवली. मला वाटलं होतं हेत्वीशी लावतील. त्यांनी ध्येयशी लावली. ध्येय साडेतीनचाही नव्हता आणि रोज नाक्यापर्यंत रडत यायचा. कारण विचारल्यावर म्हणाल्या, ओवीला कुणाचा तरी हात धरायला द्या, तिचा कुणी धरला तर ती ओढली जाईल.

हे ऐकून मला व्याख्यानाच्या खोलीतला एक अभ्यास आठवला. विंडल फर्मन, डॉन राही आणि विलर्ड हार्टप यांनी १९७९ मध्ये एकलकोंड्या बालवाडीच्या मुलांना काही आठवडे ठरावीक वेळ एकेका सवंगड्याबरोबर खेळू दिलं, काहींना बरोबरीच्या, काहींना वर्ष-दीड वर्षाने लहान. लहान सवंगडी मिळालेली मुलं वर्गात परतल्यावर जास्त मिसळू लागली. लहानाबरोबर पुढाकार घ्यायची संधी मिळते, आणि ती फसत नाही. तेडागरबेननी हा अभ्यास वाचलेला नाही, वाचायची गरजही पडली नाही. बैठकीला त्या आता बसतात, चहा कुणीही आणतो.

दुसरी गोष्ट भाषेची. आईचा पहिला विचार असा की घरीही गुजरातीच बोलायचं, म्हणजे लवकर येईल. मी सरळ नको म्हटलं. घरची मराठी काढून घेतली तर ओवी घरीही गप्प होईल, आणि आजीशी तिचं जे राज्य चालतं तेही जाईल. फक्त एक खेळ गुजरातीत खेळा, लारीचा. आजीला हे एकदम पटलं. ती गिऱ्हाईक झाली, मग मालक झाली, "केटली प्लेट?", "तीखुं नहीं," "पाव आपो," आणि उधारी मागून भांडणंही केली. गॅलरीतून हा व्यवहार ऐकून शेजारणी बघायला आल्या म्हणे.

लिली वाँग फिलमोर यांनी कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणाऱ्या पाच मुलांचं इंग्रजी कसं येत गेलं हे पाहून १९७६ मध्ये लिहिलं. मुलं आधी भाषा शिकून मग मित्र करत नाहीत. गटात शिरतात, सगळं कळतंय असं वागतात, कळत नसलं तरी. मोजके शब्द पकडून त्यांवर सगळं भागवतात, आणि बाकीचं मित्रांवर सोपवतात. मोजके म्हणजे खेळात उपयोगी पडणारे. रंगांची आणि फळांची नावं ओवीला ऑगस्टमध्येच पाठ होती. "जांबली" म्हणता आल्याने कुणाच्या लारीवर जागा मिळत नाही.

तिसरं, मोकळ्या खेळाचा वेळ. तो दोन तुकड्यांत होता, वीस-वीस मिनिटांचा. बेननी ते तुकडे जोडले. लारी उभी राहायलाच दहा मिनिटं जात असतील तर वीस मिनिटांत बाहेरच्याला आत घ्यायला उसंत कुठून येणार? एका बेनना हे अजून पटलेलं नाही. सलग चाळीस मिनिटांत पडापडी वाढते, असं त्यांचं म्हणणं, आणि गुडघे खरंच जास्त फुटले.

उत्तरायण

डिसेंबर सरता सरता बडोद्याच्या रस्त्यांवर दोरी रंगवणारे बसतात आणि मुलांना दुसरं काही सुचत नाही. चौकात लारी बंद पडली, पतंग सुरू झाले. वर्तमानपत्राचा चौकोन, शिवणाचा साधा दोरा. कुणीतरी घरून दोरा गुंडाळायची एक जुनी रिकामी फिरकी आणली होती.

उडवायला सगळ्यांना हवं असतं. फिरकी धरायला कुणाला नको असते. धरणारा मागे उभा राहतो, पतंग दुसऱ्याचा, हात आपले दुखतात. घराघरांतल्या धाब्यांवर हे काम बहिणी, आया आणि लहान भाऊ करतात, त्यामुळे मुलांना ते कमीपणाचं वाटतं. हेत्वी दोरा हातात घेऊन ओरडत होती, "फिरकी कोण पकडशे?" कुणी येईना. ओवी येऊन मागे उभी राहिली आणि फिरकी उचलली.

या कामाला दोन शब्द पुरतात. उडवणारा "ढील" म्हणाला की सोडायचं, "लपेट" म्हणाला की गुंडाळायचं. बाकी सगळं डोळ्यांचं काम, आणि डोळ्यांनी बघण्यात ओवीचा हात धरणारं त्या चौकात कुणी नव्हतं. चार महिने तिने तेच केलं होतं. हेत्वी पळाली की ती दोरा सैल सोडायची, थांबली की गुंडाळायची, गुंता होऊ द्यायची नाही. जयमीनचा कागद फाटून दोऱ्यावरून निसटला तेव्हा सगळ्यांच्या आधी ती ओरडली, "लपेट!" तिथे लपेटायला काही उरलं नव्हतं. पण बडोद्यात पतंग कापला की हीच आरोळी उठते, आणि तिने ती आजोळच्या गच्चीवरून ऐकलेली होती. मग सगळेच "लपेट, लपेट" करत नाचले.

बेन माझ्याकडे बघायला लागल्या. मी खूण केली, आता काही बोलू नका. शाबासकी दिली असती तर खेळ थांबून सगळे ओवीकडे वळले असते, आणि ती पुन्हा समोर उभी राहून दाखवणारी मुलगी झाली असती.

दुसऱ्या दिवशी ओळीत चालतानाच ठरलं होतं, "फिरकी ओवी पकडशे." १४ जानेवारीची उत्तरायण झाली, दुसऱ्या दिवशीची वासी उत्तरायण झाली, मोठ्या माणसांचे पतंग माळ्यावर गेले, पण चौकातला खेळ महिनाअखेरपर्यंत चालला. ध्येयला ती फिरकीचं एक टोक धरायला द्यायची आणि मराठीत सूचना करायची, "सोड, सोड, अरे सोड की." तो गुजरातीत उत्तर द्यायचा. दोघांचं बिनबोभाट चालायचं.

मग एक दिवस हेत्वीने फिरकी मागितली आणि ओवीने दिली नाही. ओढाओढ झाली, फिरकीची एक दांडी मोडली. "किट्टा!" हेत्वी म्हणाली. ओवीने तितक्याच जोरात परत केलं, "किट्टा!" तिचं स्वतःहून कुणाला उद्देशून म्हटलेलं ते पहिलं गुजराती, निदान मी ऐकलेलं. बेन धावल्या, समेट घडवायला. मी अडवलं. सहा महिने या मुलीशी कुणी भांडलं नव्हतं, कारण भांडावं इतकं तिच्याकडे कुणाचं काही अडलेलं नव्हतं. ते दोन दिवस टिकलं. ओळीतच मिटलं, कसं ते तेडागरबेननाही कळलं नाही. त्यांनी फक्त जोड्या बदललेल्या पाहिल्या.

आता कुठे आहे

फेब्रुवारीत फोटोंची पाटी पुन्हा काढली. ओवीवर दोघांनी बोट ठेवलं, ध्येय आणि जयमीन. हेत्वीने नाही ठेवलं. ओवीने ध्येय आणि हेत्वीवर ठेवलं आणि मग पाटीभर शोधून विचारलं, तेडागरबेनचा फोटो कुठे आहे. या वयात अशा निवडी आठवड्यात बदलतात, तेव्हा दोनाचा फार अर्थ मी काढणार नाही. ओवी-हेत्वी जिवलग झालेल्या नाहीत, होतील असंही नाही. जूनमध्ये हेत्वी आणि मोठ्यांचा अख्खा गट पहिलीत जाईल. सहाच्या अटीमुळे ओवी अजून इथेच असेल, मोठ्यांत.

असेल, म्हणजे आई इथे राहिली तर. वडिलांच्या बदलीचं अजून ठरत नाही. उन्हाळ्यात ती सांगलीला परत गेली तर ध्येयचा हात कोण धरणार, हा प्रश्न तेडागरबेननी बैठकीत विचारला आणि कुणाला उत्तर देता आलं नाही.

गाडीवरून येणाऱ्या बाकीच्या चार मुलांच्या घरी बेन बोलल्या. दोन घरं नाक्यापासून ओळीत सोडायला तयार झाली, दोन नाही. एका घराचं म्हणणं, आम्ही फी वर्गाची भरतो. त्यांना काय सांगायचं यावर बेनचं आणि माझं एकमत आहे. भिंतीवरून मात्र मतभेद चालू आहेत. माझी फोटोंची पाटी पाहून धाकट्या बेननी वार्षिक दिनासाठी "मैत्रीचं झाड" करायचं ठरवलं आहे: प्रत्येक मुलाची एक फांदी, त्यावर मित्रांच्या फोटोंची पानं. दिसायला सुरेख होईल. पण ज्याच्या फांदीवर एकच पान असेल त्याचे आईवडील त्या फांदीखाली किती वेळ उभे राहतील, ते मला माहीत आहे. मी म्हटलं, झाड करायचंच तर मुलांच्या फांद्या नकोत, रस्त्याचा नकाशा करा: नाका, कुत्र्याची पिल्लं, दादांचा ओटला, माठ, चपलांची फळी, आणि मुलांना आपला फोटो हवा तिथे लावू द्या. बेन म्हणाल्या, पालकांना त्यातलं काय कळणार? पुठ्ठा आणून ठेवला आहे, अजून कापलेला नाही.